आठवडाभर जगणारी काजळी

(युवा शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय होता ‘हवामान बदल आणि आपण’. हा विषय निघाला की डोळ्यांसमोर वितळणारा बर्फ आणि ध्रुवावरची अस्वलं येतात. मग ‘यात आपला काय संबंध’ असं वाटून माणूस हळूच मोबाइल काढतो. म्हणून मी विषय जरा आवळून घेतला आहे. आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला, बेकरीच्या छताला आणि ट्रकच्या धुराड्याला लागलेली असते. ती म्हणजे काजळी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हवामानशास्त्रज्ञ नाही. वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजलं, ते सांगतो.

लाकूड, कोळसा, डिझेल, रॉकेल, शेणी, प्लॅस्टिक या सगळ्यांत कार्बन असतो. जळताना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली, तर तो पूर्ण जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा किंवा उष्णता कमी पडली, तर काही कार्बन अर्धवट जळतो आणि अतिशय बारीक काळ्या कणांच्या रूपात बाहेर पडतो. शास्त्रज्ञ त्याला ‘ब्लॅक कार्बन’ म्हणतात. तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चुलीची ज्योत पिवळी दिसते, कारण तिच्यात काजळीचे कण तापून चमकत असतात. गॅसची ज्योत निळी असते, कारण तिथे काजळी जवळजवळ तयारच होत नाही. बर्नरमध्ये कचरा अडकला की ज्योत पिवळी होते आणि भांडं काळं पडतं. हे तुमच्या अम्मीला कुठलंही पुस्तक न वाचता माहीत आहे.

हे कण किती बारीक असतात? माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. ज्या कणांना आपण ‘पीएम २.५’ म्हणतो, ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. काजळी त्यातच मोडते, आणि तिचे कण बहुतेक वेळा याहूनही कितीतरी लहान असतात. नाकातले केस आणि घशातला चिकट थर चुकवून ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात.

जुन्या लोकांना काजळीचा उपयोगही माहीत होता. दिव्यावर वाटी धरून काजळ धरलं जायचं. कातिबांची शाई दिव्याच्या काजळीपासून बनायची. इस्तंबूलची सुलेमानिया मशीद सोळाव्या शतकात मिमार सिनान यांनी बांधली. तेलाच्या दिव्यांचा धूर हवेच्या झोताबरोबर एका खोलीत जमावा आणि त्या काजळीची शाई करता यावी, अशी सोय तिथे होती. काजळी एका जागी धरली तर तिची शाई होते. मोकळी सोडली तर ती कुणाच्या तरी छातीत जाते.

आमच्या पिढीने भारनियमनाच्या काळात चिमणीच्या उजेडात अभ्यास केला आहे. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं. पुढे २०१२ साली अशा साध्या वातीच्या दिव्यांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के भागाची काजळी होते, असं त्यात मोजमापातून दिसलं. आधीचे अंदाज याच्या खूप खाली होते. एक लिटर रॉकेल साधारण ८०० ग्रॅमचं धरा. म्हणजे लिटरमागे ५५ ते ७० ग्रॅम काजळी, आणि तीही बंद खोलीत, पुस्तकात डोकं घातलेल्या पोराच्या नाकासमोर.

आता मुख्य मुद्दा. कार्बन डायऑक्साइड आणि काजळी यांच्यात एक मोठा फरक आहे. तुमच्यातले बरेच जण कॉम्प्युटर शिकता, म्हणून तसंच सांगतो. कार्बन डायऑक्साइड म्हणजे हार्ड डिस्क. आज सोडलेल्या वायूचा मोठा वाटा शेकडो वर्षं हवेत राहतो. तुमच्या पणजोबांच्या काळात जळालेल्या कोळशाचा हिशेबही त्यात अजून शिल्लक आहे. काजळी म्हणजे रॅम. वीज गेली की रिकामी. काजळीचे कण हवेत काही दिवस, फार तर एक-दोन आठवडे टिकतात. मग पावसाबरोबर किंवा आपल्या वजनाने खाली बसतात. हवेत काजळी कायम दिसते, कारण आपण ती रोज नव्याने भरतो.

याचा पुरावा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिलच्या सुरुवातीला पंजाबातल्या जालंधर शहरातून हिमालयातल्या धौलाधारच्या बर्फाच्या रांगा दिसू लागल्या. लोक गच्चीवर जाऊन फोटो काढत होते. त्या दोन आठवड्यांत हवेतला कार्बन डायऑक्साइड काही घटला नव्हता. खाली बसले होते ते कण, त्यात काजळीही होती. त्या दिवसांत माणसांचे काय हाल झाले, हे आपण विसरलेलो नाही, त्यामुळे टाळेबंदी हा काही उपाय नाही. पण हवा किती लवकर साफ होऊ शकते, एवढं तेव्हा कळलं.

आता हवामानाशी संबंध. उन्हात उभ्या केलेल्या मोटरसायकलच्या काळ्या सीटवर बसून पाहा, काजळी काय करते ते लगेच समजेल. काळा रंग ऊन शोषतो. काजळीचे कण हवेत तरंगताना ऊन शोषतात आणि आजूबाजूची हवा तापवतात. वर एवढं ऊन अडल्यामुळे जमिनीवर मात्र ते कमी पोचतं. म्हणजे वरची हवा गरम आणि खालची जमीन, समुद्र त्या मानाने थंड. आपला मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर आणि समुद्राच्या बाष्पीभवनावर. या दोन्हींत ढवळाढवळ झाली की पावसाचं गणित बदलतं. कुठे आणि किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण ढवळाढवळ होते यावर नाहीत.

दुसरं काम बर्फावर चालतं. पांढरा बर्फ ऊन परतवतो. त्यावर काजळीचा पातळ थर बसला की तो ऊन शोषून लवकर वितळतो. जागतिक बँकेने २०२१ साली हिमालयातल्या हिमनद्या आणि काजळी यांवर एक अहवाल काढला. त्यानुसार माणसामुळे तिथे बसणाऱ्या प्रादेशिक काजळीपैकी ४५ ते ६६ टक्के काजळी उद्योगांतून, त्यातही मुख्यतः वीटभट्ट्यांतून, आणि घरांत जळणाऱ्या लाकूड-शेणीतून येते. रस्त्यावरच्या डिझेल वाहनांचा वाटा ७ ते १८ टक्के आहे. म्हणजे बर्फ वितळायला दूरच्या श्रीमंत देशांचा धूर कारण आहेच, पण त्या बर्फावरचं काळं आपल्याच भागातलं आहे.

हा सगळा प्रकार उजेडात आणणाऱ्यांत एक नाव आपल्या देशातल्या माणसाचं आहे, वीरभद्रन रामनाथन. ते मूळचे इंजिनिअर. अण्णामलाई विद्यापीठातून पदवी घेऊन सिकंदराबादला रेफ्रिजरेटरच्या कंपनीत नोकरीला लागले. पुढे संशोधनात गेले. फ्रिजमध्ये वापरले जाणारे सीएफसी वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट जोरदार आहेत, हे त्यांनी १९७५ साली दाखवलं. १९९९ साली त्यांनी आणि नोबेल विजेते पॉल क्रुट्झेन यांनी हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ ही मोठी मोहीम चालवली. विमानं, जहाजं, उपग्रह आणि मालदीवच्या एका बेटावरची वेधशाळा, असा सगळा पसारा होता. जिथे कारखाना नाही की चूल नाही, अशा भर समुद्रावर त्यांना तपकिरी धुरकट थर सापडला, सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत. तो आला होता दक्षिण आशियाच्या जमिनीवरून. पुढे रामनाथन यांनी उत्तर प्रदेशातल्या गावात चुलींवर काम केलं. आकाशातल्या थराचा माग काढत हा माणूस शेवटी स्वयंपाकघरात पोचला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काजळी पृथ्वी नेमकी किती तापवते, यावर एकमत नाही. २०१३ साली ३१ शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या मोठ्या अभ्यासाने माणसाने सोडलेल्या घटकांत काजळीला कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल दुसरं स्थान दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसीने २०२१ च्या अहवालात हा आकडा बराच खाली आणला आणि त्यातली अनिश्चितता मोठी असल्याचं सांगितलं. याला कारण आहे. धुरात नुसती काजळी नसते, फिकट रंगाचे कणही असतात. ते ऊन परतवतात आणि हवा थोडी थंड करतात. लाकडाच्या धुरात त्यांचा वाटा मोठा असतो. डिझेलच्या आणि रॉकेलच्या धुरात काजळीचा वाटा जास्त असतो. त्यामुळे जुनं डिझेल इंजिन आणि रॉकेलची चिमणी यांच्याबद्दल जेवढ्या खात्रीने बोलता येतं, तेवढं चुलीबद्दल येत नाही. व्हॉट्सॲपवर कुणी ‘चुली बंद करा, पृथ्वी वाचेल’ असं पाठवलं, तर एवढं लक्षात ठेवा. आणि काजळी कितीही कमी केली, तरी कोळसा आणि तेल कमी जाळण्याची गरज संपत नाही.

मग काजळीच्या मागे का लागायचं? कारण छातीच्या बाबतीत अशी शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली. भारतात २०१९ साली घरातलं आणि बाहेरचं मिळून हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले, असा ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. धूर कमी झाला तर हवामानाचा फायदा कमी-जास्त होईल, पण धुरापाशी उभ्या असलेल्या माणसाचा फायदा नक्की आहे, आणि तो लगेच मिळायला लागतो.

धुरापाशी कोण उभं असतं? माझे थोरले मामू २२ वर्षं मुंबईत पावाच्या भट्टीवर होते. रात्री भट्टी पेटवायची, पहाटे पाव काढायचे, दुपारी भट्टीवरच्याच माळ्यावर झोपायचं. आता ते गावी असतात आणि जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बिडी किती वर्षं ओढता?’ मामूंनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही.

मुंबईत वडापावचा पाव, खिम्याबरोबरचा पाव, सकाळच्या चहाबरोबरचा ब्रून, हे सगळं बेकऱ्यांतून येतं. त्या चालवणाऱ्यांत आणि तिथे राबणाऱ्यांत आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने सुमारे २०० बेकऱ्यांची पाहणी केली, त्यांतल्या जवळपास निम्म्या लाकडावर चालत होत्या. हे लाकूड पुष्कळदा जुन्या फर्निचरचं, रंग दिलेलं किंवा प्लायवुडचं असतं. त्यात रंग आणि डिंकाचा विषारी धूर वेगळाच. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश दिला.

त्यानंतर आपल्यात दोन सूर ऐकू आले. पहिला सूर, ‘बघा, पुन्हा आपल्याच धंद्यावर.’ हा राग मी समजू शकतो. जुने डिझेल ट्रक धूर ओकत फिरतात, बांधकामांची धूळ उडते, कचऱ्याचे ढीग जळतात आणि नोटीस मिळते ती पाववाल्याला. पण भट्टीच्या धुराला धर्म नाही. तो सगळ्यात आधी जातो तो पाव भाजणाऱ्या कारागिराच्या छातीत, आणि तो कारागीर आपल्या घरातला आहे. धंदा वाचवायचा म्हणून त्याची छाती पणाला लावणं मला मान्य नाही. शिवाय डिझेलवर काहीच झालं नाही, हेही खरं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस ६’ मानक लागू झालं, डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आलं आणि नव्या गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर बसू लागले. जुने ट्रक मात्र रस्त्यावर आहेत. त्यांच्यावर कारवाई मागा, जोरात मागा. पण भट्टीचा धूर लपवायला त्यांची आड घेऊ नका.

दुसरा सूर, ‘गॅसवरच्या पावाला ती चव नाही.’ चवीबद्दल भांडणार नाही. एवढंच म्हणतो, ती चव घेणारा माणूस भट्टीवरच्या माळ्यावर झोपत नाही.

खरा प्रश्न तिसराच आहे, आणि तो कमी लोक विचारतात. खर्च कुणी करायचा? गॅसची किंवा विजेची भट्टी बसवायला एकरकमी पैसे लागतात. अनेक बेकऱ्या भाड्याच्या किंवा पागडीच्या जागेत आहेत. जागेचे कागद नीट नसले तर बँक कर्ज देत नाही. बेकरी बंद पडली तर मालक दुसरं काही करेल, पण कामगार गावी परत जाईल, छातीत काजळी घेऊन आणि खिसा रिकामा घेऊन. धूर थांबलाच पाहिजे, पण त्याची किंमत सगळ्यात गरीब माणसाने मोजायची, हे चालणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता आल्या पाहिजेत.

घरातली चूल हीच गोष्ट सांगते. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादला आठ कोटीवी गॅस जोडणी देण्यात आली. मोठं काम आहे. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के घरंच स्वयंपाकाला मुख्यतः स्वच्छ इंधन वापरत होती. जोडणी मिळते, पण पुढची टाकी भरायला पैसे नसतात, मग पाहुण्यांच्या चहाला गॅस आणि रोजच्या भाकरीला चूल. टाकी कधी आणायची हे बहुतेक घरांत ठरवतो पुरुष, आणि धूर गिळते बाई. इथे बसलेल्या मुलांनी हा हिशेब आपल्या घरी जरूर मांडावा.

आता आपण काय करू शकतो? मी चार कामं सांगतो, चारही आपल्या आवाक्यातली.

पहिलं, आपल्या मोहल्ल्यातला धूर लिहून काढा. बेकरी, तंदूर, बॉयलर, डिझेल जनरेटर, कचऱ्याची आग, लग्नातल्या देगा. कुठे, किती वाजता, किती वेळ, आणि धुराचा रंग कसा. धुराचा काळेपणा मोजायला रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने १८८८ साली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांचा एक तक्ता बनवला. तो साध्या कागदावर छापता येतो. बाजारात मिळणारे स्वस्त सेन्सरही उपयोगी आहेत, पण ते हवेतले कण मोजतात, कणांचा रंग ओळखत नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा म्हणजे काजळीचा आकडा नव्हे. आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत. त्यांत पीएम २.५ आहे, पण काजळी वेगळी मोजलेली नाही. ती मोजा, ही मागणी आपण करू शकतो.

दुसरं, एका बेकरीवाल्या चाचांना गाठा. उपदेश करायला जाऊ नका, कागद भरायला जा. गॅस जोडणीचा अर्ज, मुद्रा कर्ज, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी, परवान्याचं नूतनीकरण. ज्याने आयुष्यभर कणीक मळली, त्याला ऑनलाइन फॉर्म भट्टीपेक्षा जास्त घाम आणतो. आपल्याला तो अर्ध्या तासात भरता येतो. आपल्या शिक्षणाचा मोहल्ल्याला एवढा उपयोग तरी व्हायला हवा.

तिसरं, भट्टीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांची छातीची तपासणी करून घ्या. त्यांच्या श्वासाची नोंद कुठेच नाही. ती झाली तर उद्या नुकसानभरपाई मागताना हातात काहीतरी असेल.

चौथं, आपल्या घरच्या लग्नापासून सुरुवात करा. लाकडावरची देग गॅसच्या मोठ्या शेगडीवर चढवता येते. बावर्चीला आधी सांगितलं तर तो करतो. आणि मोहल्ल्यात कचरा पेटवणाऱ्याला थांबवा, तो आपला दोस्त असला तरी.

हवामान बदलाच्या बहुतेक कामांचं फळ आपल्या नातवंडांना मिळेल. काजळीचं तसं नाही. या जुम्म्याला तुमच्या गल्लीतली एक भट्टी बदलली, तर पुढच्या जुम्म्यापर्यंत तिचा जुना धूर बहुतेक खाली बसलेला असेल, आणि भट्टीवरच्या माळ्यावर झोपणाऱ्या पोराला तो फरक पहिल्या रात्रीच कळेल. जाताना प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या एका धुराचं नाव या वहीत लिहून जा. पुढच्या भेटीत त्याचं काय झालं, ते एकमेकांना विचारू.